स्लीपरवरचा भार: निम्म्याचा नियम, झिमरमनचं गणित की प्रत्यक्ष मोजणी?

चाकाखालच्या स्लीपरच्या एका टोकावर किती भार येतो? या साध्या प्रश्नाची उत्तरं पद्धत बदलली की जवळपास तिपटीनं बदलतात. एकच उदाहरण घेऊ: चाकभार १२५ किलोन्यूटन (साधारण २५ टनांचा अॅक्सल), मीटरला ६० किलो वजनाचा रूळ, स्लीपरमधलं अंतर ६०० मिमी, वेग ताशी १०० किमी.

निम्म्याच्या नियमानं थेट खालच्या स्लीपरला ५० टक्के, म्हणजे ६२.५ किलोन्यूटन. अमेरिकी रिवाजात त्यावर आघातासाठी २०० टक्के वाढ धरतात; आकडा १८७.५ वर जातो. ऑस्ट्रेलियन मानकाचा गुणक किमान २.५ आहे, त्यानं सुमारे १५६ येतात. गणित दोन मिनिटांचं, पण खडी आणि मातीची अवस्था त्यात कुठेच शिरत नाही.

जर्मन अभियंता झिमरमननं १८८८ मध्ये विंकलर या अभियंत्याची १८६७ ची कल्पना रूळमार्गाला लावली: रूळ म्हणजे सलग लवचिक पायावर टेकलेली लांब तुळई. पायाचा ट्रॅक मॉड्युलस (म्हणजे रुळाखालचा पाया किती कडक आहे याचं माप) दर मिमीला २५ न्यूटन प्रति मिमी धरला, तर स्लीपरचा वाटा फक्त ३० टक्के, म्हणजे सुमारे ३७ किलोन्यूटन. मॉड्युलस चौपट केला तरी वाटा ४२ टक्क्यांवरच थांबतो, कारण समीकरणात त्याचं चौथं मूळ येतं. मला हाच या पद्धतीचा मोठा गुण वाटतो: मातीचा अंदाज थोडा चुकला तरी उत्तर कोलमडत नाही. शेजारच्या चाकांची भर मात्र विसरू नका. बोगीतलं १.८ मीटरवरचं दुसरं चाक या ३७ मध्ये १२-१३ टक्के वाढवतं.

खरी ओढाताण गतीच्या गुणकात आहे, म्हणजे धावत्या चाकामुळे स्थिर भार किती पट धरायचा यात. अमेरिकी अभियंता टॅलबॉटचं सूत्र वेग आणि चाकाचा व्यास एवढंच विचारतं. ९२० मिमी चाकाला ते १.५७ देतं. भारतीय सूत्रात मॉड्युलस येतो आणि उत्तर १.३४. जर्मन अभियंता आयझेनमनचं सूत्र रूळमार्गाची अवस्था आणि हवी असलेली खात्री दोन्ही विचारतं: जवळपास ९९.९ टक्के खात्रीसाठी चांगल्या मार्गाला १.७७, खराब मार्गाला २.१६. शेजारचं चाक बाजूला ठेवलं, तर झिमरमनच्या ३७ वर हे लावून ६६ आणि ८० किलोन्यूटन येतात. जुन्या मार्गाची अवस्था ठाऊक असेल तर मी आयझेनमनच घेईन.

मग १८७.५ कशाला? कारण झिमरमनचा पाया सगळीकडे सारखा असतो, प्रत्यक्षात नसतो. शेजारचा स्लीपर खालून पोकळ झाला की त्याचा वाटा याच्यावर पडतो. चपटं झालेलं चाक किंवा खचलेला वेल्ड क्षणभर असा ठोका देतो की साध्या वेगसूत्रात तो मावत नाही. मोठा गुणक हे सगळं पोटात घेतो. म्हणून ३० टक्क्यांचा वाटा आणि भारतीय १.३४ एकत्र करून काँक्रीट स्लीपर आखू नका: ५० किलोन्यूटन निघतील आणि पहिल्या चपट्या चाकाच्या ठोक्यानं स्लीपरला तडा जाण्याची भीती राहील. वाटा एका परंपरेतून आणि गुणक दुसरीतून, ही सरमिसळ दोन्ही दिशांनी घातक आहे.

मार्ग आधीच वापरात असेल तर स्ट्रेन गेज (धातूचा सूक्ष्म ताणा मोजणारी पट्टी) लावून मोजा. रुळाच्या उभ्या पट्टीवर स्लीपरच्या दोन्ही बाजूंना कर्तन (रुळाला उभं कापू पाहणारं बल) मोजलं की फरकातून त्या स्लीपरवरचा भार मिळतो. खर्च आणि वेळ लागतो, आणि थोड्या गाड्या मोजल्या तर सर्वांत वाईट चाक निसटण्याची शक्यता असते. नव्या मार्गासाठी हा पर्यायच नाही.

माझी निवड अशी: काँक्रीट स्लीपरला तडा जाऊ नये म्हणून निम्म्याचा नियम आणि त्याच्याच मानकाचा मोठा गुणक. खडीवरच्या दाबासाठी आणि खालच्या मातीसाठी झिमरमन आणि आयझेनमन, मॉड्युलसच्या खालच्या व वरच्या अशा दोन्ही किमतींनी. कारण क्षणिक ठोका स्लीपरला तडा देऊ शकतो, माती मात्र रोजच्या वारंवार भारानं बसते. स्लीपर मधोमध टेकण्याची स्थिती वेगळी तपासा. तिथे स्लीपरच्या वरच्या बाजूला ओढीचा ताण येतो आणि आधीच्या कुठल्याही आकड्यातून तो आपोआप कळत नाही.