नॅनोइंडेंटर: सिरॅमिकवाल्यांनी जरूर घ्यावा
आमच्या प्रयोगशाळेतला नॅनोइंडेंटर (सूक्ष्म टोक पदार्थात दाबून त्याचं काठिण्य मोजणारं यंत्र) मी मुख्यतः सिरॅमिकसाठी वापरते. टोकाला बर्कोविच हिरा, म्हणजे तीन बाजूंचा पिरॅमिड. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर भार सावकाश वाढवत गेलं की भार आणि टोक किती आत गेलं यांचा आलेख आधी गुळगुळीत चढतो आणि मग अचानक आडवी उडी घेतो. हाच पॉप-इन! आत डिसलोकेशन (अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष) तयार झाली, आणि तडा न जाता स्फटिक कायमचा दबला. एरवी फटकन तुटणारा पदार्थ इतक्या लहानशा जागेत धातूसारखा वागतो, हे बघून मी आजही हरखते.

टोक किती खोल गेलं याचं मोजमाप अप्रतिम. मात्र प्रयोगशाळेचं तापमान जरा हललं की आकडे सरकतात. टोक झिजलं तर काठिण्यही चुकीचं येतं, त्यामुळे फ्यूज्ड सिलिकावर (गुणधर्म आधीच माहीत असलेली काच; स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणा, सुमारे 72 गिगापास्कल) अधूनमधून तपासून घ्यावंच लागतं. सॉफ्टवेअर किचकट आहे.