दिलेल्या अक्षरांचा लांब इंग्रजी शब्द शोधायचाय: डिक्शनरी, ठोकळे, वेबसाइट की स्वतःची यादी?

माझ्याकडे रविवारी सकाळी सहावी-सातवीची मुलं इंग्रजीला येतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, शाळा मात्र सगळ्यांची मराठी. त्यांचा सगळ्यांत लाडका खेळ एकच: तीन-चार अक्षरं द्यायची आणि ती सगळी ज्यात आहेत असा लांबात लांब शब्द शोधायचा. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली की एमएच १३ च्या पुढची दोन अक्षरं घेऊनही ती खेळतात. आता पालक विचारतात, शोधायला नेमकं काय वापरायचं?

आधी प्रश्न पक्का करा, नाहीतर चांगलं साधनही भलतंच उत्तर देईल. समजा अक्षरं आहेत ए, टी, ई. क्रम कसाही चालत असेल तर ‘टीचर’ बसतो. याच क्रमाने हवी, मध्ये दुसरी आली तरी हरकत नाही, असं असेल तर टीचर बाद आणि ‘ॲडव्हर्टाइज’ चालतो. तिन्ही एकमेकांना चिकटूनच हवी असतील तर तोही बाद. तिथे आपल्या सोलापूरचं डाळिंब कामी येतं. ‘पॉमग्रॅनेट’च्या स्पेलिंगचा शेवटच एटीई आहे.

छापील डिक्शनरीबद्दल थोडक्यात सांगते. तिची मांडणी पहिल्या अक्षरावर असते, त्यामुळे मधली अक्षरं धरून तिच्यात शोधता येत नाही. शब्द सापडल्यावर अर्थ बघायला मात्र तिच्यासारखं काही नाही.

मुलांना शिकवायचं असेल तर मी डोळे झाकून ठोकळे सांगेन. आम्ही जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापले आणि एकेकावर एकेक अक्षर लिहिलं. मग ‘रेटिना’ची सहा अक्षरं, आर-ई-टी-आय-एन-ए, मधोमध ठेवायची आणि सातवं बदलत राहायचं. एका मुलीने जी ठेवला, दोन मिनिटं अक्षरं इकडून तिकडे सरकवली आणि ओरडली, “टीचर, आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट!” शेजारच्या मुलाने त्याच सात अक्षरांतून ‘टिअरिंग’ काढला. सी घातला की सर्टन, एम घातला की मिनरेट, पी घातला की पेंटर, के घातला की केराटिन. सी आणि ओ दोन्ही घातले तर रिॲक्शन होतो आणि क्रिएशनही. स्क्रॅबल या पटावर अक्षरं मांडून शब्द करायच्या खेळातले मुरलेले खेळाडू अशी सहा अक्षरी बीजं पाठ करून ठेवतात, कारण हातातली सातही अक्षरं एका डावात लावली की ५० गुण जादा मिळतात. ठोकळ्यांना वेळ लागतो आणि सगळे शब्द कधीच सापडत नाहीत. पण सापडलेला शब्द मूल विसरत नाही.

वेबसाइटचं बळ वेगात आहे. अक्षरं टाका, क्षणात शंभर शब्द हजर. बऱ्याच ठिकाणी चांदणीचं चिन्ह ‘इथे कितीही अक्षरं चालतील’ या अर्थाने चालतं. मात्र यादी कुठली आहे ते बघा. अनेक साइट स्क्रॅबलची यादी वापरतात आणि स्क्रॅबलचा पट १५ बाय १५ घरांचा, म्हणून त्या यादीत १५ अक्षरांपुढचा शब्दच नसतो. गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीने ‘मिसअंडरस्टँडिंग’ लिहिला. अक्षरं सोळा, सगळ्यांत लांब उत्तर तिचंच. परीक्षकांनी साइटवर पाहिलं, सापडला नाही, म्हणून शून्य दिलं. ती पोर घरी येईपर्यंत रडत होती आणि मला अजून त्याचा राग आहे. एखादं अक्षर दोनदा दिलं असेल तर साइट ते दोनदा मोजते का, हेही आधी तपासून घ्या.

प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांनी स्वतःची यादी ठेवावी असं माझं ठाम मत आहे. डिक्शनरी काढणाऱ्या कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १० लाखांहून जास्त ओळी मावतात. फिल्टरमध्ये चांदणी-ए-चांदणी-टी-चांदणी-ई-चांदणी लिहिलं की क्रमाने येणारे शब्द वेगळे होतात. क्रम नको असेल तर प्रत्येक अक्षरासाठी एकेक रकाना करून ते आहे की नाही ते तपासायचं. लिनक्स येत असेल तर ग्रेप ही मजकुरात शोधायची कमांड लागोपाठ तीनदा, एकेका अक्षरासाठी एकदा, चालवा, काम झालं. स्वतःच्या यादीत लांब शब्द आपल्या हाताने घालता येतात, हा मोठा फायदा. पहिली संध्याकाळ मात्र जुळवाजुळवीत जाते.

एआय चॅटला विचारून उत्तरपत्रिका करू नका. ते मजकूर अक्षर-अक्षर वाचत नाही, तुकड्या-तुकड्यांनी वाचतं, त्यामुळे मागितलेलं अक्षरच ज्यात नाही असा शब्दही ते ठामपणे देऊन टाकतं.

तेव्हा घरी मूल असेल तर ठोकळे, उत्तर पडताळायचं असेल तर साइट, स्पर्धा घ्यायची असेल तर स्वतःची यादी. ठोकळे कापायला बसलात तर स्क्रॅबलचं प्रमाण घ्या: ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८, एन, आर, टी प्रत्येकी ६, डी, एल, एस, यू प्रत्येकी ४, जी ३. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच, उरलेली अक्षरं दोन-दोन. दोन पुठ्ठे कोरे ठेवा, त्यांवर मुलं हवं ते अक्षर धरतात.