शालित की बर्गडाल? वादविवादासाठी उदाहरण निवडताना

‘पकडलेल्या सैनिकाच्या सुटकेसाठी शत्रूचे कैदी सोडावेत’ हा विषय ठाणे-नवी मुंबईच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवादात आला की अनुकूल बाजूची जोडी दोन नावांपाशी अडते: हमासने पकडलेला इस्रायली सैनिक गिलाद शालित आणि तालिबानच्या हाती लागलेला अमेरिकी सैनिक बो बर्गडाल. सात मिनिटांत दोन्ही नीट मांडून होत नाहीत. इशाऱ्याची घंटा वाजते तेव्हा दुसऱ्याचं नुसतं नाव घेऊन झालेलं असतं. एकच निवडा. दोघांची तोंडओळख आहे असं धरून चालतो.

शालित सभागृह हातात देतो, यात वाद नाही. 1 सैनिकाच्या बदल्यात 1027 कैदी हा आकडा कानावर पडला की मागच्या बाकांवरची कुजबूजही थांबते. मांडायलाही भरपूर आहे. ऑक्टोबर 2009 मध्ये इस्रायलने 20 पॅलेस्टिनी महिला कैदी सोडले ते फक्त एका चित्रफितीसाठी. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या फितीत शालितच्या हातात 14 सप्टेंबर 2009 चं अरबी वर्तमानपत्र आहे. ‘तारखेचा कागद धरलेला मुलगा’ एवढं चित्र उभं केलंत तरी पहिलं मिनिट वसूल होतं.

या उदाहरणात मुलं हटकून चुकतात ती आकड्यापाशी. 1027 जण एकदम सुटले नाहीत. 18 ऑक्टोबर 2011 ला 477 सुटले. त्यांची नावं हमासशी एकेक करून घासाघीस होऊन ठरली. उरलेले 550 डिसेंबरात सुटले आणि ती यादी इस्रायलने स्वतः केली. म्हणजे खरी किंमत पहिल्या यादीत आहे, बेरजेत नाही. मंत्रिमंडळात 26 विरुद्ध 3 मतं पडली, हेही सांगावं. निर्णय एकट्या नेतन्याहूंच्या हळवेपणाचा नव्हता, हे त्यातून दिसतं.

इतकं असूनही शालित मला नको वाटतो, आणि त्याचं कारण एकच आहे. पहिल्या यादीत याह्या सिनवार होता. चार जन्मठेपांचा कैदी, 2017 मध्ये गाझातला हमासचा प्रमुख झालेला, 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यामागचा माणूस. प्रतिकूल वक्ता उठतो, हे एक नाव घेतो, दोन सेकंद थांबतो आणि खाली बसतो. त्याला दुसरा मुद्दा लागतच नाही. ‘2011 मध्ये हे कुणाला दिसत होतं?’ हे तुमचं उत्तर तर्काला धरून आहे. पण परीक्षकांच्या कागदावर त्याला गुण पडताना आमच्या जोड्यांना तरी फारसे दिसलेले नाहीत. कदाचित दुसरीकडे अनुभव वेगळा असेल. शिवाय जाणकार प्रतिस्पर्धी 1985 चा जिब्रिल करार काढतो: तीन इस्रायली सैनिकांसाठी 1150 कैदी. मग चर्चा ‘भाव कसा चढत गेला’ यावर सरकते आणि तत्त्वाचं बोलायला वेळच उरत नाही.

बर्गडाल पहिल्या मिनिटाला मार खातो. तो 30 जून 2009 ला अफगाणिस्तानच्या पाक्तिका प्रांतातली आपली चौकी स्वतःहून सोडून गेला आणि तालिबानच्या हाती लागला. ‘असल्या माणसासाठी?’ असा चेहरा परीक्षकही करतात. तो करू द्यावा, कारण उदाहरणाचा कस तिथेच आहे. निष्कलंक सैनिकाला सोडवावं हे कुणीही मान्य करेल. ज्याच्यावर डाग आहे त्याला सोडवायचं का, हा प्रश्न तत्त्वाचा आहे. अमेरिकेने क्रम पाळला: आधी आणलं, मग खटला भरला. 31 मे 2014 ला ग्वांटानामोच्या अमेरिकी तुरुंगातले पाच तालिबानी कतारला धाडून त्याला सोडवलं. 2017 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंगवास टळला, पण बडतर्फी झाली आणि सार्जंटचा शिपाई झाला. 2023 मध्ये एका न्यायाधीशाने तो निकाल रद्द ठरवला, हे मात्र विसरू नका. समोरच्याने आधी सांगितलं तर पंचाईत होते.

कायद्याची बाजूही इथे बोट ठेवून दाखवता येते. ग्वांटानामोतला कैदी हलवण्याआधी 30 दिवस संसदेला कळवायचं बंधन होतं. ओबामा सरकारने ते पाळलं नाही, आणि संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने ऑगस्ट 2014 मध्ये तो कायदाभंग ठरवला. हे अनुकूल बाजूने आपणहून कबूल करावं आणि म्हणावं, ‘आक्षेप पद्धतीवर आहे, सुटकेवर नाही.’ प्रतिपक्षाचं निम्मं भाषण तिथेच पोकळ होतं.

‘ते पाच जण पुढे काबूलच्या सत्तेत बसले’ हा टोला येणारच. त्यांतला खैरख्वा माहितीमंत्री झाला, वसीक गुप्तचर विभागाचा प्रमुख. पण सिनवारच्या टोल्यासारखा हा निरुत्तर करत नाही. 29 फेब्रुवारी 2020 च्या अमेरिका-तालिबान दोहा करारात 5000 पर्यंत तालिबानी कैदी सोडायचं ठरलं होतं, तेही ज्या अफगाण सरकारच्या तुरुंगांत ते होते त्याची सही नसताना. पाच हजारांपुढे पाच जणांचा हिशेब मांडा, बस्स.

परीक्षक भारतावर येतील तेव्हा दोन्ही उदाहरणांना सारखाच त्रास आहे. कंदाहार 1999 इथे बसत नाही. ते विमानातले प्रवासी होते, सैनिक नव्हते. 1971 चे 93 हजार युद्धकैदीही नीट बसत नाहीत, कारण लढाई थांबल्यावर कैदी परत पाठवणं हे तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम 118 नुसार कर्तव्य आहे, सौदा नव्हे. अभिनंदन वर्धमान 1 मार्च 2019 ला वाघ्यावरून परत आले ते कुठल्याही कैद्याच्या बदल्यात नाही. हे तीन फरक ठाण्याच्या तलावपाळीला एक फेरी मारताना पाठ होतात.

वक्तृत्व स्पर्धा असेल, समोर खोडून काढणारा कुणी नसेल, तर शालितच घ्या. ते वर्तमानपत्र तुमचं काम करेल. वादविवादात मी बर्गडालकडे झुकेन. तेव्हा एक शब्द जपा. समोरचा त्याला ‘देशद्रोही’ म्हणेल. त्याच्यावर तो आरोप ठेवलाच नव्हता. आरोप होते चौकी सोडून पळाल्याचे आणि शत्रूसमोर गैरवर्तनाचे. हे खंडनाच्या पहिल्याच वाक्यात सांगा.