बडोद्यातील एका प्रयोगशाळेची अँटिऑक्सिडंट चाचणी: दुकानदाराचा अनुभव

दांडिया बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात ग्रीन कॉफीच्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीबियांच्या अर्काच्या, कॅप्सूल मागणारी गिऱ्हाइके वाढली, तसा डबीवर छापलेले अँटिऑक्सिडंट आत खरोखर किती आहे, हा प्रश्नही वरचेवर कानावर येऊ लागला. उत्तर देता येईना, म्हणून दोन उत्पादकांच्या कॅप्सूल घेऊन मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी प्रयोगशाळेत गेलो. तेथे ही मोजणी विद्युतरासायनिक पद्धतीने होते. दर नमुन्यामागे अडीच हजार रुपये पडले आणि अहवाल सहाव्या दिवशी हाती आला.

ही पद्धत मला मनापासून पटली. अँटिऑक्सिडंट म्हणजे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारा पदार्थ. तेव्हा ते देणे थेट इलेक्ट्रोडवर मोजणे हाच सरळ मार्ग आहे. नेहमीच्या डीपीपीएच चाचणीत जांभळ्या द्रावणाचा रंग किती उतरला, हे ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात पाहतात. पण वनस्पतीचा अर्क मुळातच रंगीत किंवा गढूळ असला की ते वाचन बिघडते. इथल्या विद्युतरासायनिक पद्धतीत, म्हणजे चक्रीय व्होल्टॅमेट्रीत, द्रावणाचा रंग आड येत नाही. विद्युतदाब हळूहळू वाढवत नेला की ठरावीक जागी प्रवाहाचे शिखर येते: ते जितक्या कमी दाबाला येईल तितका पदार्थ इलेक्ट्रॉन सोडायला तयार, आणि जितके उंच तितके त्याचे प्रमाण जास्त. कॉफीतल्या कॅफीनचे शिखर बऱ्याच वरच्या दाबाला येत असल्यामुळे ते या मोजणीत लुडबुड करत नाही.

काम समोर बसून पाहू दिले, याचे मला विशेष कौतुक वाटते. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड म्हणजे पेनाएवढ्या दांडीच्या टोकावरची काळी, आरशासारखी टिकली. तिथल्या रसायनतज्ज्ञ ताई प्रत्येक मोजणीनंतर ती ओल्या पॅडवर ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या भुकटीने इंग्रजी आठचा आकडा काढत घासत होत्या. फिनॉलवर्गी पदार्थांचे ऑक्सिडीकरण झाले की त्यांचा पातळ थर टिकलीवर बसतो. ‘काका, एकदा घासायचं राहिलं तर पुढचा आलेख बुटकाच येतो,’ असे त्यांनी सांगितले आणि न घासता एक आलेख काढून दाखवलाही. तो खरोखरच बुटका आला.

तक्रार आहे ती पहिल्या अहवालाबद्दल. त्यात गॅलिक आम्ल या तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण पदार्थाच्या हिशेबात काढलेला एकच आकडा होता आणि त्यानुसार दुसरा नमुना पहिल्याच्या जवळजवळ दीडपट सरस ठरत होता. मात्र दुसऱ्या डबीवर बारीक अक्षरांत क जीवनसत्त्वही लिहिलेले होते, म्हणून मी मूळ आलेख मागितले. ग्रीन कॉफीतले मुख्य अँटिऑक्सिडंट, क्लोरोजेनिक आम्ल, इलेक्ट्रॉन देते आणि दाब उलटा फिरवला की बऱ्याच अंशी परत घेते, म्हणून त्याच्या आलेखात परतीचेही शिखर दिसते. क जीवनसत्त्व मात्र एकदा दिलेले इलेक्ट्रॉन परत घेत नाही. दुसऱ्या नमुन्यात जातानाचे शिखर उंच होते आणि परतीचे जेमतेम दिसत होते. एवढ्यावरून निकाल लावणे मात्र योग्य नव्हते, कारण इलेक्ट्रॉन दिल्यावर क्लोरोजेनिक आम्लाचे जे क्विनोन बनते, त्याला क जीवनसत्त्वच पुन्हा पूर्वरूपात आणते आणि परतीचे शिखर त्यामुळेही खुजे होते. प्रयोगशाळेने जादा पैसे न घेता द्रावणात ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे एन्झाइम घालून क जीवनसत्त्व संपवले आणि मोजणी पुन्हा केली. पहिल्या नमुन्याचे शिखर जवळपास तसेच राहिले, दुसऱ्याचे मात्र एक तृतीयांशाच्याही खाली उतरले. क जीवनसत्त्व हेही अँटिऑक्सिडंटच आहे, त्यामुळे पहिला आकडा खोटा नव्हता. पण ग्रीन कॉफीच्या नावाने पैसे मोजणाऱ्या माणसाला हा फरक कळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी उणीव अशी की पहिल्या अहवालात द्रावणाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) आणि विद्युतदाब बदलण्याचा वेग यांपैकी काहीच दिलेले नव्हते. २५ अंश तापमानाला पीएच एकाने वाढला की अशा पदार्थांचे शिखर सुमारे ५९ मिलिव्होल्टने खाली सरकते, त्यामुळे पीएचशिवाय दोन अहवाल शेजारी ठेवून काही अर्थ लागत नाही. शिवाय ही मोजणी काचेच्या भांड्यातली आहे, शरीरातल्या परिणामाची नव्हे, हेही अहवालात ठळक छापायला हवे. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांची ‘ओआरएसी’ नावाची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, तेव्हा हेही एक कारण दिले होते.

एवढे असूनही मी याच प्रयोगशाळेत पुन्हा जाणार आहे. नव्या मालाचा नमुना येत्या सोमवारी द्यायचा आहे. मागणीपत्रात या वेळी पीएच, वेग आणि एन्झाइमच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही आलेख मी आधीच लिहून ठेवले आहेत.