शेजाऱ्यांची मने जिंकण्याचे राजकारण: दादरच्या अभ्यासवर्गाविषयी

दादर पश्चिमेला एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सहा रविवार चाललेला, दक्षिण आशियातील भारत-चीन स्पर्धेवरचा मराठी अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क १,८०० रुपये होते आणि त्यात टिपणांच्या छायाप्रती व मध्यंतराचा चहा येत होता. जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये मांडलेल्या ‘सॉफ्ट पॉवर’ या संकल्पनेसाठी व्याख्याते ‘सौम्य सत्ता’ असा शब्द वापरत. धाक किंवा पैसा यांऐवजी आपल्याविषयीच्या ओढीने दुसऱ्याला आपल्याकडे वळवणे, हा त्याचा अर्थ त्यांनी पहिल्या वीस मिनिटांतच स्वच्छ केला.

सर्वांत रंगलेले सत्र नेपाळमधील बुद्धाच्या जन्मस्थानाचे, लुंबिनीचे. १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेला, लुंबिनीजवळच्या भैरहवा येथील गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी भारताचे पंतप्रधान लुंबिनीत होते. मात्र चिनी कंपनीने बांधलेल्या त्या विमानतळावर न उतरता ते कुशीनगरहून हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीला गेले आणि तेथे त्यांनी भारताच्या बौद्ध संस्कृती केंद्राची पायाभरणी केली. लुंबिनीत चीनचा विहार आधीपासूनच उभा आहे. या भेटीच्या सात महिने आधी उत्तर प्रदेशातील कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर पहिले विमान उतरले ते कोलंबोहून आलेल्या बौद्ध भिक्खूंचे. बुद्ध नेमका कोणाचा, हे भारत आणि चीन धावपट्ट्या आणि विहार बांधून कसे सांगतात, हे व्याख्यात्यांनी कोणताही आवेश न आणता उलगडले, आणि मध्यंतरात चहा निवला तरी कोणी उठले नाही.

माझी मुख्य तक्रार कोविड लसीच्या सत्राविषयी आहे. २० जानेवारी २०२१ रोजी मुंबईच्या विमानतळावरून भूतानसाठी दीड लाख आणि मालदीवसाठी एक लाख मात्रा निघाल्या. पुण्यात तयार झालेली लस आपल्या शहरातून शेजाऱ्यांकडे गेली, हे ऐकताना वर्गाला अभिमान वाटणे स्वाभाविकच होते. परंतु व्याख्यान तेथेच थांबले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत देशातील दुसऱ्या लाटेमुळे निर्यात आटली, नेपाळमध्ये पहिली मात्रा घेतलेले ज्येष्ठ नागरिक दुसऱ्या मात्रेसाठी खोळंबले आणि मार्चअखेरीस चीनकडून ८ लाख सिनोफार्म मात्रा काठमांडूत पोहोचल्या. भूतानलाही दुसऱ्या मात्रेसाठी जुलैमध्ये अमेरिकेकडून आलेल्या मॉडर्ना लसीचा आधार घ्यावा लागला. मी हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळाले की, आपण आधी दिले हे महत्त्वाचे. देणाऱ्याने काय पाठवले याचीच नोंद ठेवायची आणि घेणाऱ्याच्या मनात काय उरले हे पाहायचेच नाही, तर सौम्य सत्तेचा अभ्यास दानपावत्यांचा हिशेब होऊन बसतो.

पाकिस्तानचे सत्र उरकल्यासारखे झाले. भारताने शेजारी देशांसाठी ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या दक्षिण आशिया उपग्रहाच्या योजनेतून तो देश बाहेर राहिला, एवढे सांगून विषय मिटला. भारतातील शीख यात्रेकरूंसाठी पाकिस्तानातील गुरुद्वाऱ्यापर्यंत काढलेल्या करतारपूर मार्गिकेचा उल्लेखही आला नाही.

त्याहून आश्चर्य वाटले ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना वगळल्याचे. सोलापूरचा आणि मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेला हा तरुण १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला व १९४२ मध्ये तेथेच वारला. शिजियाझुआंगमधील त्याचे स्मारक आणि चिनी नेत्यांनी त्याच्या कुटुंबाच्या घेतलेल्या भेटी पाहिल्या, तर एका मराठी माणसाची आठवण आपल्यापेक्षा चीननेच अधिक नेटाने वापरली, असे म्हणावे लागते. चीनच्या पाठबळाने चिनी भाषा व संस्कृती शिकवणारी मुंबई विद्यापीठातील कन्फ्यूशियस संस्थाही अशीच निसटली, वास्तविक विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल येथून लोकलने फार तर अर्ध्या तासावर आहे.

टिपणे नेटकी आहेत, भाषा शुद्ध असूनही बोजड नाही आणि मेगाब्लॉकमुळे उशिरा आलेल्यांसाठी व्याख्याते मागचा मुद्दा न कंटाळता पुन्हा सांगत. शुल्क मला जास्त वाटले नाही. पुढील तुकडीत नाव नोंदवणाऱ्यांनी पहिल्या तीन रांगांतच जागा धरावी, कारण भिंतीवरचा नकाशा इतका लहान आहे की, मागून भूतान आणि सिक्कीम वेगळे ओळखता येत नाहीत.