आधी कुठलं एंटरप्राइझ?

‘स्टार ट्रेक’ बघायला घ्यायचं म्हटलं की पहिला भाग लावायच्या आधीच दोन गट तुम्हाला दोन बाजूंना ओढायला लागतात. एक गट म्हणतो, मालिका ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने बघा, म्हणजे १९६६पासून. दुसरा म्हणतो, गोष्टीतल्या सालांप्रमाणे बघा: आधी २१५१, मग २२५०चं दशक, मग १९६६च्या मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा काळ. ऐकायला दुसरं जास्त शहाणपणाचं वाटतं. मीही एकदा तसंच केलं आणि पस्तावलो. कारण एकच, गोष्टीतलं अंतराळयान, एंटरप्राइझ.

‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही २०२२ची मालिका सुरू होते २२५९ साली. तिच्यातल्या एंटरप्राइझचा ब्रिज (म्हणजे यान चालवायची खोली) ऐसपैस, समोर भिंतभर खिडकी, जिकडे बघाल तिकडे हलते आलेख. ती संपवून कर्कची मूळ मालिका लावली. गोष्टीत मध्ये जेमतेम पाच-सात वर्षं गेलेली, यान तेच, नंबरही तोच, एनसीसी-१७०१. आणि पडद्यावर काय, तर माळेतल्या मण्यांसारखी रंगीत बटणं, त्यावर काहीही लिहिलेलं नाही, आणि एका डब्याला डोळे लावून वाकलेला यानावरचा अधिकारी स्पॉक. नव्या मालिकेतून जुनीत उतरताना जिन्याची एक पायरी नसावी तसं होतं.

या पायरीवरूनच चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. कडक गटाचं म्हणणं असं, की पडद्यावर दिसलं तो इतिहास. यानाचा आकार बदलला म्हणजे हे विश्वच वेगळं. सैल गटाचं म्हणणं, जुनं नाटक नव्या संचात आलं की नेपथ्य बदलतं, म्हणून पात्रांनी घर बदललं असं कोणी धरत नाही. मी मनाने सैल गटातला. पण कडक गटाचे पुरावे भक्कम आहेत, आणि ते समजून घेतल्याशिवाय क्रम ठरवू नये.

मूळ यान मॅट जेफ्रीज यांनी आखलं. ते स्वतः विमान चालवायचे. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी त्यांना काय हवं यापेक्षा काय नको तेच जास्त सांगितलं: रॉकेट नको, पंख नकोत, मागून आग ओकणारं काही नको. मग जेफ्रीज यांनी व्यवहारी विचार केला. इंजिनं अफाट ताकदीची, म्हणजे धोक्याची. ती माणसांपासून दूर, दोन दांड्यांवर टांगली. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला, कारण यंत्रं आत असली तर दुरुस्तीसाठी कोणाला बाहेर लोंबकळावं लागत नाही. नंबरातही लांबून एकमेकांसारखे दिसणारे ३, ६, ८, ९ टाळले. म्हणजे जो साधेपणा आज ‘जुनाट’ वाटतो तो निव्वळ पैशाच्या टंचाईतून आलेला नाही, त्यात विचार आहे. नव्या एंटरप्राइझवर पत्र्यांचे जोड, खाचा आणि दिवे दिसतात. देखणे आहेत, पण जेफ्रीज यांच्या हिशेबात ते बसत नाहीत.

(चित्रीकरणासाठी केलेली मोठी प्रतिकृती अकरा फुटांची. तिच्या डाव्या अंगाने दिव्यांच्या तारा बाहेर काढल्या होत्या, म्हणून कॅमेरा कायम उजव्या बाजूला. वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात ती २०१६ साली डागडुजी करून मांडली आहे.)

आता दोन्ही क्रम यानाच्या बदलांवर घासून बघू.

प्रदर्शनाच्या क्रमाने गेलात तर पहिला मोठा बदल भेटतो १९७९च्या चित्रपटात. इंजिनांचे दांडे मागे झुकलेले, लाल घुमट गायब, लांबी २८९ मीटरवरून ३०५. पण तिथे गोष्टच सांगते की यान अठरा महिने गोदीत होतं आणि जवळजवळ नव्याने बांधलं गेलं. कर्कला स्वतःच्या यानात रस्ता सापडत नाही, तसा तुम्हालाही सापडत नाही, आणि ते बरोबरच वाटतं. सलगता सांभाळायची तर अशी. त्याच चित्रपटात क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांच्या कपाळावर मात्र एकाएकी उंचवटे आले आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. १९९६ साली वॉर्फ या क्लिंगॉन पात्राने ‘आम्ही बाहेरच्यांशी त्यावर बोलत नाही’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली आणि अखेर २००५ साली एका विषाणूची गोष्ट रचून खुलासा झाला. माझ्या मते वॉर्फचा विनोद त्या खुलाशापेक्षा सरस होता.

दुसरा बदल २००१च्या ‘एंटरप्राइझ’ मालिकेतला, कर्कच्या शंभर वर्षं आधीचं एनएक्स-०१ हे यान. डग ड्रेक्सलर यांनी ते आखताना १९९६च्या चित्रपटातलं अकिरा जातीचं यान पायाला धरलं. ते अकिरा गोष्टीत २३७३ सालचं! पणजोबांचा चेहरा पणतूवरून काढल्यासारखं झालं, आणि चाहत्यांनी त्याचं नाव ‘अकिराप्राइझ’ पाडून टाकलं. ड्रेक्सलर यांनी पुढे त्याच यानाला खालचं धड जोडून ते १९६६च्या आकाराच्या जवळ नेलं, आणि २०२३मध्ये ‘पिकार्ड’च्या तिसऱ्या सीझनमध्ये ते पडद्यावरही आलं. आतून मात्र एनएक्स-०१ मला पटतं. पाणबुडीसारखं अरुंद, ट्रान्सपोर्टरमध्ये (माणसाला क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्रात) शिरायला माणसं घाबरतात, ढाली नाहीत. सालांप्रमाणे बघणाऱ्याला इथपर्यंत काहीच खुपत नाही, हे मान्य करायला हवं.

खुपतं ते त्यानंतर. ‘डिस्कव्हरी’ (२०१७) घडते २२५६मध्ये, कर्कच्या दहाएक वर्षं आधी. २०१८च्या फेब्रुवारीत पहिल्या सीझनच्या शेवटी तिच्यात एंटरप्राइझ अवतरलं, ४४२ मीटरचं. गंमत बघा. मूळ मालिकेच्या पहिल्याच पायलट भागात (मालिका सुरू होण्याआधीच्या नमुना भागात) कर्कच्या आधीचा कॅप्टन पाइक सांगतो की त्याच्या यानावर २०३ माणसं आहेत. कर्कच्या काळात ती चारशेच्या वर जातात. म्हणजे नवे आकडे धरले तर माणसं दुप्पट झाली आणि यान आटलं. कडक गटाला एवढं पुरतं.

‘डिस्कव्हरी’च्या लेखकांनी गाठी सोडवायचा प्रयत्न केला, तो कधी जमला, कधी फसला. होलोग्रामवर बोलायची पद्धत कर्ककडे का नाही? तर पाइकला ती भुतासारखी वाटते आणि तो सगळी यंत्रणा उखडून टाकायला सांगतो. एका वाक्यात काम झालं, छान. पण बुरशीच्या जाळ्यातून क्षणात कुठेही पोचवणारं इंजिन पुढे कोणालाच का आठवत नाही? तर ते इंजिन असलेल्या डिस्कव्हरी यानाचं नाव काढणं हा देशद्रोह ठरवला. हे म्हणजे घरातला पसारा कपाटात कोंबून दाराला पाठ लावून उभं राहणं.

आणि कडक गटाचा हुकमी एक्का अजून बाकी आहे. १९९२ साली ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये कर्कच्या यानाचा इंजिनिअर, आता म्हातारा झालेला स्कॉटी, होलोडेकवर (खरी वाटणारी दृश्यं उभी करणाऱ्या खोलीत) आपला जुना ब्रिज उभा करतो, तो हुबेहूब १९६०च्या दशकातला, बटणांसकट. २००५ साली ‘एंटरप्राइझ’मध्येही त्याच जातीचं डिफायंट हे यान अगदी जुन्या थाटात येतं, आणि एनएक्स-०१ची माणसं त्याच्याकडे डोळे विस्फारून बघतात. म्हणजे तोवर मालिकेने छातीठोकपणे सांगितलं होतं की कर्कचं यान असंच दिसायचं. ‘काळ बदलला, सेट बदलला’ या सैल गटाच्या उत्तराला इथे तडा जातो.

तरी मी सैलच राहिलो, ते २०१९च्या एका क्षणामुळे. ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या सीझनमध्ये टॅलोस ग्रहावरचा भाग सुरू होताना ‘मागील भागात’ म्हणून थेट त्या पहिल्या पायलटची दृश्यं येतात. जुने रंग, जुनं यान, जेफ्री हंटरचा पाइक. आणि त्यांच्यामागोमाग तोच पाइक म्हणून अॅन्सन माउंटचा चेहरा. कसलंही स्पष्टीकरण नाही. चेहरा वेगळा, यान वेगळं, माणूस एकच. मी तो तुकडा तीनदा मागे नेऊन बघितला. पण तो अंगावर येतो ते जुना पाइक आधी पाहिलेला असेल तरच. सालांप्रमाणे बघणाऱ्याला ती नुसती कुठली तरी जुनी फिल्म.

नाहीतरी सलगतेचं सोवळं मालिकेने पहिल्यापासून पाळलेलंच नाही. दुसऱ्या पायलटमध्ये थडग्याच्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ कोरलंय, पुढे तो कायमचा जेम्स टी. झाला.

तेव्हा निवड अशी करा. जुना अभिनय, सावकाश चाल, थर्मोकोलसारखे दगड हे सगळं चालत असेल, तर प्रदर्शनाचा क्रमच घ्या. मूळ मालिकेचे ७९ भाग सगळे बघायलाच हवेत असं नाही. पहिला सीझन आणि त्यातली ‘द मिनॅजरी’ची दोन भागांची जोडी चुकवू नका. २००६मध्ये यानाची दृश्यं संगणकावर नव्याने केलेली आवृत्तीही आहे. नीटस आहे, पण आपण तुलना करायला बसलोय, तेव्हा मूळ दृश्यं मिळाली तर तीच बघा.

साठच्या दशकातलं काही पाचच मिनिटांत बंद करावंसं वाटत असेल, तर ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’पासून सुरू करा, बिनदिक्कत. फक्त तिथून थेट कर्ककडे उडी मारू नका. मध्ये १९६४-६५चा तो पहिला पायलट ‘द केज’ बघा. पाइक तोच, स्पॉक आहे, गोष्ट तासाभराची. जिन्यात जी पायरी नाही म्हणालो, तिथे पाय टेकायला ती पुरते.

सालांचा क्रम मी फक्त दुसऱ्या फेरीला सुचवेन, सगळं एकदा बघून झाल्यावर, हातात वही घेऊन चुका शोधायच्या असतील तेव्हा. आणि २००९च्या चित्रपटातलं एंटरप्राइझ या भांडणात ओढू नका. तिथे काळाचा फाटाच वेगळा फुटलाय, त्यामुळे ते ७२५ मीटरचं असलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.