नैरोबीचं सिटी पार्क मार्केट: फळांसाठी नक्की जा, पण सीझन बघून

आपल्या जालना-संभाजीनगरकडचं कुणी नैरोबीला चाललं असेल तर पार्कलँड्समधल्या सिटी पार्क मार्केटला नक्की जा. मी भावाकडं राहायला होते तेव्हा सगळा बाजार तिथूनच आणायचो. मेथी, कारली, कोथिंबीर मिळते म्हणून आपली माणसं जातात, पण खरी मजा फळांची आहे, आधी तिकडंच वळा.

आपला हंगाम डोक्यातून काढून जा बरं का. आपला केसर मे-जूनमध्ये येतो, तिथं आंब्याचा जोर नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपण शेतात हुरडा खातो तेव्हा ते लोक आंबे खातात. केनिया देश विषुववृत्तावर, पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, त्यात नैरोबी १,७०० मीटरच्या आसपास उंचीवर म्हणून थंड आणि आंबे पिकवणारं मकुएनी हे गाव-शिवार खाली, उष्ण, कोरडं, अगदी आपल्या मराठवाड्यासारखं, त्यामुळं एकाच गाळ्यावर गरम भागातलं आणि थंड भागातलं फळ शेजारी शेजारी मांडलेलं दिसतं. मला हे लै आवडलं.

आंब्यात न्गोवे मागा, लांबट, केशरी, रेषा जवळपास नाहीच. ॲपल नावाचा गोल आंबाही गोड. टॉमी ॲटकिन्स लालबुंद दिसतो पण रेषाळ आहे अन चवीला फिका, त्याच्या रंगावर जाऊ नका. ॲव्होकॅडो मार्चनंतर भरपूर. हास जातीचा पिकला की काळपट होतो, फुएर्ते मात्र हिरवाच राहतो म्हणून देठाजवळ हलकं दाबून बघायचं. ट्री टोमॅटो (टोमॅटोसारखं दिसणारं झाडावरचं फळ) अर्धा कापून साखर टाकून चमच्यानं खा, आंबटगोड, आमच्या घरी सगळ्यांना भारी आवडला. जांभळं पॅशन फ्रूट तर सरबतासाठी रोज आणायचो.

सफरचंद घेऊ नका, बहुतेक दक्षिण आफ्रिकेहून आलेलं असतं, तिथलं ताजं फळ सोडून ते कशाला? सीताफळ दिसतं कधीमधी, पण बीडच्या सीताफळाची चव जिभेवर असलेल्याला ते पटणार नाही, आपल्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) उगाच मिळालेलं नाही.

आंबा, ॲव्होकॅडो बरेचदा नगावर विकतात, भाव आधी विचारा, घासाघीस चालते. एम-पेसा (मोबाइलवरून पैसे द्यायची तिथली सोय) नसेल तर सुटे शिलिंग ठेवा. आणि कापडी पिशवी घरूनच न्या, केनियात २०१७ पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे.